लो गिअरचा दिवस

पहाटे ५.४०
खोपोलीत रात्रभर झोडपून पाऊस आत्ता कुठे थांबलाय. शेडसमोर जुनी महिंद्रा एमएम ५४० उभी आहे आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेत. वस्तादांचा दिवस इथून सुरू होतो, पोत्यावर पाठ टेकून. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात ग्रीस गन. गाडी फोर व्हील, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट दोन. एक मागे जातो, एक पुढे. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे फिरता सांधा. निप्पल बोटाने पुसायचं, गन लावायची आणि क्रॉसच्या चारही टोकांतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. तीन टोकांतून आलं. चौथ्यातून येईना. शाफ्ट थोडा फिरवला, पुन्हा दाबलं. आलं.

“तिनातून आलं की पोरं सोडून देतात,” वस्ताद खालूनच म्हणाले. “चौथं कोरडं राहतं. मग चढावर शाफ्ट तुटून लोंबतो.”

६.१५
बारक्या आला. वय वीस-बावीस, रोज पाचशे, नाश्ता वस्तादांचा. त्याचं काम ठरलेलं. इंजिन ऑइलची काडी, रेडिएटरचं पाणी, ब्रेक ऑइल, फॅनबेल्टवर अंगठा. मग सामान मोजून आत. जॅक, दोन घोड्या, फावडं, कोयता, पट्टा, दोन डी-शॅकल, चार रिकामी पोती आणि हातभर रुंदीची जाड फळी. फळी कशाला ते मला कळेना. चिखलात जॅक लावला की गाडी वर येत नाही, जॅकच खाली जातो. त्याच्याखाली फळी.

पुढच्या चाकांच्या मध्यभागी लॉकिंग हब आहेत. हाताने फिरवायचे. वस्तादांनी दोन्ही एकदा लॉक केले, एकदा सोडले. चिखलात उतरल्यावर जाम निघाले तर काय उपयोग, म्हणून शेडमध्येच बघायचं.

७.०५
पंपावर बाराशेचं डिझेल, तेरा लिटर आलं. रस्त्याला ही गाडी लिटरला नऊ-दहा देते. लो गिअरमध्ये किती, ते वस्ताद सांगत नाहीत.

पळसदरीमार्गे कर्जतकडे. डावीकडे-उजवीकडे हिरवं गच्च. गाडीत बोलायचं म्हणजे ओरडायचं.

८.००
कर्जत. हार्डवेअरच्या दुकानातून आठ फुटी बारा पत्रे आणि सिमेंटच्या दोन गोण्या उचलायच्या. काशेळ्याच्या पुढे डोंगरात एक ठाकरवाडी आहे, तिथल्या दोन घरांचे पत्रे वाऱ्याने नेले. टेम्पोवाला डांबर संपतं तिथवरच जातो. पुढचं वस्ताद करतात, येऊन-जाऊन तीन हजार.

दुकानातली पोरं पत्रे वर कॅरिअरवर चढवायला निघाली. वस्तादांनी हात आडवा केला. जीप मुळात अरुंद आणि उंच. वर वजन टाकलं की बाजूच्या उतारावर ती आडवी व्हायला निमित्तच शोधते. पत्रे आत गेले, तळाला. गोण्या पुढच्या सीटला टेकून. फाळका उघडा, पत्र्यांच्या टोकाला लाल फडकं. बांधायला बराच वेळ गेला. दुकानदार दोनदा घड्याळाकडे बघून गेला.

८.५०
कडाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटचे, सेकंड होमचे बोर्ड. एका फाटकावर छत्री घेऊन वॉचमन बसलाय, त्याने वस्तादांना हात केला. आपण जातोय त्याच वाडीचा तो.

गाडी अजून टू व्हीलवरच, हब सुटे. मी विचारलं, ओला रस्ता आहे, फोर व्हील का नको? उत्तर लांबलचक आलं, मी थोडक्यात देतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात. या जुन्या जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट फोर व्हीलला एकमेकांशी घट्ट जोडले जातात, फरक सोसायला मध्ये काही नाही. मातीत चाक थोडं घसरतं आणि भागतं. डांबर घसरू देत नाही. सगळा पीळ गिअरवर आणि क्रॉसवर येतो. ज्यांची नवी गाडी असते ते ऐटीत हायवेला फोर व्हील टाकतात आणि महिन्याभरात गॅरेजला येतात, असं वस्तादांचं म्हणणं. वस्तादांना नव्या गाड्यांबद्दल थोडा आकस आहे, हे लक्षात घेऊन ऐकावं.

९.३५
काशेळं मागे पडलं, डांबर संपलं. इथे पाच मिनिटं थांबायचं. बारक्याने चारही चाकांची हवा २८ वरून १८ वर आणली. टायर खाली पसरला, मातीला जास्त लागला. वस्तादांनी उतरून हब लॉक केले. गिअरच्या काठीशेजारी आणखी दोन छोट्या काठ्या आहेत. एकीने पुढची चाकं जोडली जातात, दुसरीने हायचं लो होतं, म्हणजे वेग कमी, जोर जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रांनी विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडायला घेतल्या, त्याच घराण्यातली ही रचना. कंपनीने पुढे पुष्कळ बदललं, वस्तादांनी बदललं नाही.

स्टेअरिंग धरताना अंगठे आतल्या बाजूला नाहीत, वर. चाक दगडाला आपटलं की स्टेअरिंग उलटं फिरतं आणि आतला अंगठा मोडतं.

९.५५
ओढा. पाणी गढूळ, तळ दिसत नाही. वस्तादांनी गाडी अलीकडेच बंद केली, काठी घेतली आणि पँट वर करून स्वतः उतरले. पुढचं पाऊल टाकायच्या आधी काठी. मध्यावर पाणी गुडघ्याखाली, तळाला गोटे, उजवीकडे एक खड्डा. पलीकडे चढायची जागा बघितली, परत आले. ज्या पाण्यात आपला पाय टिकत नाही त्यात गाडी घालायची नाही, हा एक नियम. दुसरा त्यांनी सांगितला नाही, करून दाखवला. बिडी पेटवून ते पंधरा मिनिटं नुसते बसले. मधे मागच्या डिफरन्शियलच्या हौसिंगला हात लावून आले. तापलेलं होतं. तापलेलं हौसिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते. म्हणून आधी निवू द्यायचं.

मग लो, दुसरा गिअर, माणूस चालेल तेवढा वेग. बोनेटपुढे पाण्याची एक छोटी लाट तयार झाली, गाडी तिच्या मागोमाग गेली. मधे गिअर बदलला नाही, क्लच दाबला नाही. बाहेर पडल्यावर पन्नास पावलं ब्रेक हलका दाबून ठेवला, ड्रममधलं पाणी सुकायला.

“आणि पाण्यात बंद पडली तर?”

“सेल्फ मारायचा नाही. आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत काढायची.”

१०.४०
रस्ता संपला. वाडी अजून वर, चढाची पायवाट. गाडीचा आवाज ऐकून माणसं आधीच खाली आली होती. एक पत्रा, दोन टोकांना दोन जण, डोक्यावर चुंबळ. वारा सुटला की पत्रा फडफडतो, मग सगळे जागच्या जागी थांबतात. सिमेंटची पन्नास किलोची गोणी एकट्या माणसाने पाठीवर घेतली.

खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री दरड आली, तेव्हाही वर जायला पायवाटच होती. खोदायची यंत्रं चढवता आली नाहीत. मदतीला गेलेल्यांनी ढिगारा फावड्यांनी, हातांनी उपसला. इथे त्याचा विषय कोणी काढत नाही. एका म्हातारीने वस्तादांना एवढंच विचारलं, “आणखी वर नाय येत का रं गाडी?” वस्ताद वाटेकडे बघत म्हणाले, “गाडी येईल आजी, मग मी नाही येणार.” आजी हसली. कोरा चहा आला. पैशांपैकी दोन हजार हातात मिळाले, हजार दुसऱ्या खेपेला.

११.३०
उतरताना गाडी रिकामी, माती लोण्यासारखी. लो, पहिला गिअर, वस्तादांचे दोन्ही पाय जमिनीवर. ना ब्रेक, ना क्लच. इंजिन कण्हत गाडी धरून ठेवतं. ब्रेक मारला तर चाक थांबेल, गाडी थांबणार नाही. उतार सरळ घ्यायचा, तिरका नाही.

खाली डांबरावर काठी अडकली, टू व्हीलला येईना. वस्तादांनी गाडी हातभर मागे घेतली. पीळ सुटला, काठीही सुटली. बारक्याने बॅटरीला छोटा कॉम्प्रेसर जोडून चाकांत पुन्हा हवा भरली.

१२.५०
फोन. पेज नदीच्या काठी एक गाडी रुतलीये. डोंबिवलीची चार पोरं, पांढरी मोठी एसयूव्ही, जमिनीपासून चांगली उंच, पण ताकद पुढच्या दोन चाकांनाच. नदीत धुवायला खाली आणली होती. पुढची चाकं अर्धी वाळूत.

वस्तादांनी गाडीकडे बघितलंही नाही, आधी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला. पेजेला भिवपुरीच्या वीजघराचं पाणी येतं. १९२२ पासून घाटावरच्या तलावाचं पाणी तिथे जनित्रांवरून खाली उतरतं. इकडे ऊन पडलेलं असलं तरी तिकडे वीज चालू झाली की नदी चढते. दगड बुडाला की निघायचं, गाडी निघो न निघो.

मग अर्धा तास फावडं. चाकांच्या पुढची वाळू काढली, पोटाखालची काढली, पोती अंथरली. पोरांतल्या एकाने पट्टा बंपरला बांधायला घेतला. वस्तादांनी काढून घेतला. बंपरला बांधला तर बंपर निघून येतो, गाडी तिथेच. त्यांनी बंपरवरचं चौकोनी झाकण नखाने उघडलं आणि विचारलं, “हूक कुठाय?” मालकाला पत्ता नाही. हूक डिकीत, स्टेपनीजवळच्या टूलकिटमध्ये पिशवीत बांधलेला निघाला, कंपनीने दिला तसाच. वस्तादांनी लावून बघितला, बसेना. उलट्या आट्यांचा होता. डावीकडे फिरवल्यावर बसला.

पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं टाकलं. तुटलाच तर पोत्याच्या वजनाने खाली पडावा, कुणाच्या तोंडावर येऊ नये. पोरांना बांधावर पाठवलं. एक व्हिडिओसाठी जवळ आला, त्याला वस्तादांनी जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. लो, पहिला. पट्टा ताणला, जीप क्षणभर जागेवर थरथरली, मग एसयूव्ही हळूच उचलून आली. पंधराशे. पोरांनी लगेच ऑनलाइन दिले, वर विचारलं, आम्हाला जीपमधून नदी पार करून दाखवाल का? दगड निम्मा पाण्यात गेला होता. वस्तादांनी तो बोटाने दाखवला आणि पट्टा गुंडाळायला घेतला.

३.१५
चारफाट्यावर जेवण. बोललो नाही.

४.३०
खोपोली. माझ्या मते दिवस संपला होता. त्यांच्या मते अर्धा राहिला होता. पाइपने गाडी खालून धुतली. मग ती तासभर सपाटीवर नुसती उभी. ऑइलमध्ये पाणी गेलं असेल तर जड पाणी तळाला बसतं, म्हणून हा तास. नंतर मागच्या डिफरन्शियलचा ड्रेन प्लग पाव फेरा सैल केला. थेंब काळा, स्वच्छ. घट्ट केला. पुढचा सैल केला. आधी पाणी आलं, मग दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं ऑइल.

वस्ताद गप्प झाले. निवू दिलं होतं, तरी गेलं. हौसिंगवर ब्रीदर असतो, आतल्या तापलेल्या हवेला बाहेर यायची वाट. तो काढून बघितला. कुंभारमाशीने आत मातीचं घर बांधलं होतं. वाट बंद, म्हणून हवा सीलमधून ये-जा करत होती. सायकलची स्पोक घालून बारक्याने माती कोरली, फुंकून बघितलं. सगळं ऑइल काढलं, नवं सव्वा लिटर घातलं, साडेचारशेचं. सीलची कडही ओली दिसत होती.

६.००
चाकं उतरली, गाडी घोड्यांवर. ड्रममध्ये बारीक रेती. ही तशीच राहिली तर लायनर खाते आणि ड्रमला चरे पाडते. फुंकायची नाही, पाण्याने धुवायची. लायनरवरून पॉलिश पेपर फिरला. चारही ड्रम. बारक्या शेवटच्या चाकाचे नट आवळताना चक्राकार आवळू लागला. वस्तादांनी लांबूनच सांगितलं, “समोरासमोर.” मग ग्रीस गन पुन्हा. सकाळी भरलेलं ग्रीस पाण्याने निम्मं नेलेलं असतं.

७.४०
हिशोब. दोन्ही मिळून साडेचार हजार, त्यातले हजार उधार. डिझेल बाराशे, बारक्या पाचशे, नाश्ता-जेवण तीनशे दहा, ऑइल साडेचारशे. टायरच्या डब्यात रोज तीनशे जातात, ते गेले. उरले सतराशे चाळीस, कागदावर. हातात सातशे चाळीस.

फोन वाजला. शनिवारी फार्महाउसवर पाहुणे येतायत, त्यांना पाण्यातून फिरवून आणायचं, किती घ्याल? वस्तादांनी चार हजार सांगितले. पलीकडून दोन म्हणाले.

“दोनात नुसती बसायला देतो,” वस्ताद म्हणाले, “शेडमध्ये.”

पलीकडचे पुन्हा फोन करणार आहेत. बारक्याला उद्या सकाळी दुकान उघडलं की आधी पुढच्या हौसिंगचं सील आणायला सांगितलं, एकशे ऐंशीचं. परवा पत्र्यांची दुसरी खेप आहे.