पवईच्या आवारातले विद्यार्थिजीवन
पवई तलावाकाठी १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई आयआयटीत बी.टेक.चा प्रवेश मिळतो तो जेईई ॲडव्हान्स्डमधील क्रमांकावर. वसतिगृह ही इथली खरी मिळकत: देशभरातले हुशार सोबती, मध्यरात्रीपर्यंतच्या चर्चा, ‘मूड इंडिगो’सारखा महोत्सव विद्यार्थ्यांनीच उभा करणे आणि पुढे नोकरीत उपयोगी पडणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी. मात्र शाळेत कायम पहिला येणारा मुलगा इथे अचानक मधल्या फळीत जातो. गुणांकन बऱ्याच अंशी सापेक्ष असल्याने चांगला पेपर लिहूनही श्रेणी घसरू शकते. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी व्याख्याने सुरुवातीला जड जातात. त्यात जातीवरून, प्रवेशाच्या क्रमांकावरून टोमणे. ते थट्टा म्हणून खपवले जातात, हे अधिक वाईट. समुपदेशक आहेत, पण त्यांच्याकडे जायला अनेकजण कचरतात.