भरली गाडी राजूरची

राजूरमधून ट्रकमध्ये दोन प्रकारचा माल भरला जातो, आणि पाण्याच्या बाबतीत दोघांचा स्वभाव अगदी उलटा. वर्धा खोऱ्यातला कोळसा ढिगात फार दिवस पडून राहिला की हवा लागून आतल्या आत तापतो, धुमसायला लागतो. त्याच्यावर पाणी मारावं लागतं. कळीच्या चुन्याला मात्र पाणी अजिबात चालत नाही. ओला झाला की तो फुलतो, फुटतो, वाफा सोडतो आणि इतका तापतो की खालच्या लाकडी फळ्या आणि वरची ताडपत्री पेटू शकते. कोळसा भरून निघालेल्या ड्रायव्हरला पावसाळ्यात रस्त्यातल्या चिखलाची काळजी असे. चुना भरून निघालेला आभाळाकडे बघत गाडी हाणायचा.

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं हे गाव. शेजारी कोळसा, शेजारीच चुनखडी. शुद्ध चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की १०० किलो दगडातून ५६ किलो चुना हाती लागतो. उरलेला ४४ किलो वायू होऊन उडून जातो. म्हणजे दगड दूरच्या भट्टीला नेणं हे जवळजवळ निम्मं भाडं हवेत सोडण्यासारखं. म्हणून भट्टी दगडाजवळ लागते, आणि भाजायचा कोळसाही जवळच असला तर आणखी उत्तम. राजूरच्या चुनाभट्ट्यांमागचं गणित एवढं साधं आहे. दिवाळीआधी घर पांढरं करायचं म्हणून ज्यांनी चुन्याचे खडे पिंपात भिजवले, रटरट आवाज ऐकला, त्यांच्या दारापर्यंत तो कोरडा आणणारा कुणीतरी ड्रायव्हर होता, याची आठवण राहायलाच हवी.

माजरीहून वणीमार्गे रेल्वेचा फाटा राजूरपर्यंत आला तो कोळशासाठी. पण रेल्वेला माल वाघिणींच्या हिशेबाने लागतो. खाणीच्या तोंडापासून सायडिंगपर्यंत, खदानीपासून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून गावोगावच्या दुकानापर्यंत जे जायचं, ते आधी बैलगाडीने आणि मग ट्रकनेच गेलं.

स्वातंत्र्याच्या आगेमागे देशातल्या रस्त्यांवर फार्गो, डॉज, शेव्हरोलेट, बेडफर्ड अशा गाड्या होत्या. महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्याही पुष्कळ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज-फार्गो जुळवले जाऊ लागले. मोठा बदल झाला तो १९५४ मध्ये. टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज बाहेर पडली. करार १९६९ मध्ये संपला, नाकावरचा तारा जाऊन टाटांचं चिन्ह आलं. गाडी मात्र तीच राहिली. पुढे १२१० हे नाव घरोघर झालं. पहिले दोन आकडे गाडीच्या मालासकट वजनाचे, १२ टन. पुढचे दोन ताकदीचे, सुमारे १०० अश्वशक्ती. पुढच्या गाड्यांतल्या ६९७ इंजिनाचाही आकडा असाच वाचायचा: ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा व्यास.

कारखान्यातून येत असे ती नुसती चासी. चार-सहा चाकं, इंजिन, स्टिअरिंग. ना काच, ना छप्पर. डोक्याला फडकं गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा चढवून ड्रायव्हर ती शेकडो किलोमीटर उघड्यावर चालवत आणायचा. मग सुतार आणि लोहार तिच्यावर केबिन आणि डाला चढवत, मागे फाळका बसवत आणि शेवटी पेंटर येई. विदर्भात उन्हाळ्याचा पारा ४५ च्या वर जातो. त्यात इंजिनाची उष्णता पायाशी आणि खाली पत्रा. कोळशाच्या खेपेत खिडकी बंद केली तर जीव घुसमटायचा, उघडी ठेवली तर तोंडात काळी भुकटी. बहुतेक ड्रायव्हर खिडकी उघडीच ठेवत.

या गाड्यांमध्ये जे नव्हतं, ते माणसाला स्वतःच्या अंगाने भरून काढावं लागे. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. पॉवर स्टिअरिंग नव्हतं, म्हणून भरली गाडी वळवताना खांद्यांचा कस लागे. गिअर आपोआप जुळत नसत, म्हणून डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, सोडायचा, रेस देऊन इंजिनाचा सूर वरती न्यायचा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. सूर चुकला की दात कडाडले. उतारावर ब्रेकच्या भरवशावर राहणारा ड्रायव्हर फार दिवस टिकत नसे. चढताना ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा धडा क्लीनरला पहिल्या महिन्यातच मिळे. काटे नसत किंवा असून चालत नसत. गाडी तापली हे वासावरून कळे, पंपात हवा धरली हे इंजिनाच्या आचक्यावरून.

टायरचं तर एक शास्त्रच होतं. मागच्या जोडचाकांत आतलं चाक बसलं असेल तर बाहेरून दिसत नाही, कारण वजन बाहेरच्या टायरवर तोललेलं असतं. म्हणून क्लीनर दर थांब्यावर लोखंडी टॉमी घेऊन उतरे आणि प्रत्येक टायरवर एकेक ठोका देई. हवा भरलेला टायर टणक आवाज देतो, बसलेला बदबद. तो आवाज ओळखता आला की पोट्टा उस्तादाच्या मनात बसला. मग पंक्चर काढणं, घणाने रिंग बसवणं. ते काम फार धोक्याचं, कारण रिंग नीट न बसता हवा भरली तर ती उडून माणसाच्या तोंडावर येते. स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्याला लाकडाचा ठोकळा आणि तारेचे वेढे देऊन गाडी वणीपर्यंत आणणं हेही क्लीनरनेच शिकायचं. यासाठी शाळा नव्हती, पगारही नावापुरता. दोन-चार वर्षांनी उस्ताद रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात देई.

आणि काळी माती. मृगाचे दोन पाऊस पडले की खदानीच्या वाटेवर गाडी फसलीच समजा. चाकाखाली दगड, पोती, तुराट्या टाकायच्या. तेवढ्याने भागलं नाही तर माल उतरवायचा, गाडी काढायची आणि तोच माल पुन्हा भरायचा. टिप्पर येण्याआधी हे सगळं हमालांच्या डोक्यावरच्या टोपल्यांनी होई.

हमाल आणि ड्रायव्हर-क्लीनर यांच्या नशिबातला एक फरक नोंदवण्यासारखा आहे. हमालांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. तो सगळीकडे सारखा पोचला नाही, पण मंडळं झाली, मजुरीची नोंद सुरू झाली. ड्रायव्हर-क्लीनरसाठी त्याच्या आठ वर्षं आधी, १९६१ मध्ये, केंद्राचा मोटार वाहतूक कामगार कायदा आला होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, साप्ताहिक सुट्टी, सगळं त्यात लिहिलेलं. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. एका गाडीचा मालक, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर असा बिऱ्हाडासारखा चालणारा धंदा त्या आकड्याच्या बाहेरच राहिला. ज्यांना कायद्याची खरी गरज होती तेच त्यातून निसटले, आणि ही चूक दुरुस्त करायची घाई कुणाला वाटली नाही.

१ मे १९७३ रोजी खासगी कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्स उभी राहिली. खाण कामगाराला पगार, क्वार्टर, दवाखाना मिळाला, आणि ते योग्यच झालं. फाटकाबाहेर वजनकाट्याच्या रांगेत उभा असलेला ट्रकवाला मात्र भाड्याच्या खेपेवरच राहिला. पुढे वणी परिसरात उकणी, निलजई, मुंगोली अशा खुल्या खाणी वाढल्या, चंद्रपूरचं औष्णिक केंद्र कोळसा मागू लागलं आणि घुग्घुसच्या रस्त्यावर टिप्परांची रीघ लागली. डीओचा (डिलिव्हरी ऑर्डरचा) कोळसा, चालान, काट्याची पावती, रात्रभर रांग. खेपांवर कमाई असल्याने रांगेतला प्रत्येक तास ड्रायव्हरच्या खिशातून जायचा. मग तो भरून काढायला वेग आणि जागरण. या रस्त्यांवरच्या अपघातांचा दोष ड्रायव्हरच्या माथी मारताना ही रांग कुणी हिशेबात धरत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक झालं आहे. उशिरा का होईना, फार चांगलं झालं. जुनी १२१० मात्र भंगारात जाते तेव्हा तुकड्यांनी जाते: इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे, चासी कापून वजनावर.

खाणीतून किती टन निघाले याचे आकडे कंपनीकडे आहेत. ते कुणी वाहिले याची नोंद असली तर घरच्या पेटीतच असणार: पिवळं पडलेलं आरसी बुक, परमिट, कातडी पाकिटातलं लायसन्स, कार्बन लावून लिहिलेलं बिल्टी बुक. वणी-राजूर भागात ज्यांच्या घरी अशी बुकं असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. बिल्टीवर तारीख असते, माल आणि वजन असतं, कुठून कुठे ते असतं आणि भाडं असतं. वर्षभराच्या बिल्ट्या ओळीने लावल्या तर गाडी कधी चुन्याला होती, कधी कोळशाला, पावसाळ्यात किती दिवस उभी राहिली आणि खेपेमागे हातात काय पडलं, हे सारं मांडता येतं. त्या जुन्या ड्रायव्हरांपैकी जे आज हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून हे काम याच हिवाळ्यात सुरू करता येईल.