पत सुधारून देणाऱ्या दलालांपासून सावध!

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. पूर्वी पेठेत माणसाची पत त्याच्या जबानीवर ठरत असे. आता बँकेत कर्ज मागायला गेलो की साहेब आधी सिबिलचा आकडा पाहतात. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. आकडा कमी पडला की अर्ज परत येतो आणि ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणारा दलाल दुकानात हजर होतो.

असाच एक माझ्याकडे आला होता. दुकानासाठी घेतलेले कर्ज मी पूर्ण फेडले होते, पण बँकेने ते थकीतच दाखवले होते. दलालाने १५ हजार रुपये आगाऊ मागितले, वर आधार कार्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपीही. मुलाने वेळीच माझा हात धरला.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. तो काढून, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला जोडून मी तक्रार नोंदवली. महिन्याच्या आत चूक दुरुस्त झाली. खर्च शून्य! ३० दिवसांत तक्रारीचा निकाल न लागल्यास पुढे दररोज १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

मात्र नोंद खरी असेल, तर ती कोणताही दलाल पुसू शकत नाही. तिथे इलाज एकच, स्वतःची शिस्त. हप्ता तारखेच्या आधी भरावा. एकाच वेळी चार बँकांत अर्ज टाकू नयेत. क्रेडिट कार्डाची मर्यादा पुरती वापरू नये. ‘थोडे भरा, बाकी माफ’ अशी तडजोड केल्यास अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढची बँक बिचकते. शक्य असल्यास पूर्ण रक्कम भरून खाते ‘क्लोज्ड’ करून घ्यावे आणि दाखला जपून ठेवावा. नातलगाला जामीन राहतानाही विचार करावा. त्याने हप्ता चुकवला तर डाग आपल्या नावालाही लागतो.

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, दुकानाचा हिशेब आपण दर महिन्याला पाहतो. वर्षातून एकदा आपल्या पतीचा हिशेबही पाहावा. बिघडलेली पत सावरायला वेळ लागतो, पण त्यासाठी दलाल लागत नाही.