बेरीज, वजाबाकी आणि आंदोलन

इलेक्ट्रॉनिक संगीताचे नाव काढले की आपल्यातील पुष्कळ रसिक नाक मुरडतात. 'यंत्राचा आवाज तो, त्यात जीव कुठला?' मी कलाशाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध दिव्याच्या बटणापुरता. तरी हा आवाज घडवण्यात यंत्राइतकाच कानाचा वाटा आहे, असे मला वाटते.

तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधारही ऐकू येतो. एका स्वराच्या पोटात असे अनेक स्वर असतात आणि त्यांच्या कमीजास्त प्रमाणावरून आपण सतार की सनई हे ओळखतो. ते एकेक करून मिसळणे ही बेरीज. सरळ, पण खर्चिक. भरगच्च आवाज घेऊन त्यातले नको ते गाळून टाकणे ही वजाबाकी. १९६९ मध्ये अहमदाबादच्या डिझाइन संस्थेत आलेला मोग सिंथेसायझर मुख्यतः याच पद्धतीचा.

तिसरा मार्ग मोठा मौजेचा. तो १९६७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना सापडला. हे गृहस्थ अभियंते नव्हेत, संगीतकार! संगणकावर ते एका साध्या स्वराला आंदोलन देऊन पाहत होते. दरबारीतला गंधार झुलतो ना, तसेच; स्वर किंचित वर, किंचित खाली. सेकंदाला पाचसहा झोके असतात तोवर ते कानाला वेगळे कळतात. चाउनिंग यांनी वेग वाढवत नेला, तसे झुलणे ऐकू येईनासे झाले आणि आवाजाची जातच बदलली. ४०० कंपनांच्या स्वराला १०० चे आंदोलन दिले, तर ३०० व ५००, २०० व ६०० असे नवे स्वर दोन्ही बाजूंना उमटतात. आंदोलन जितके खोल, तितका त्यांचा भरणा अधिक. दोहोंचे प्रमाण साध्या पूर्णांकांत असेल तर सुरेल नाद. १ ला १.४ असे वाकडे ठेवले तर घंटा!

एवढ्याने भागत नाही. ट्रम्पेटमध्ये जोराने फुंकले की आवाज नुसता मोठा होत नाही, तो उजळतो. म्हणून आवाज चढेल तसे आंदोलनही खोल करत न्यावे लागते. ते एकाच मापाचे ठेवले तर आवाज मेलाच; नाक मुरडणाऱ्यांचे म्हणणे इथे मला मान्य आहे.

अमेरिकेतील ऑर्गन बनवणाऱ्यांना हा शोध पटला नाही. जपानच्या यामाहाने तो उचलला आणि १९८३ मध्ये डीएक्स-७ हे वाद्य बाजारात आणले. त्यावर नवा आवाज घडवणे मात्र इतके किचकट होते, की बहुतेक वादक कारखान्याने भरून दिलेल्या आवाजांवरच भागवीत.