नागपूर ते मुंबई : अंतर किती आणि वेळ किती ?

नागपुराहून मुंबईस विमानानें दीड तासांत जातां येतें, असें हल्लीं खेड्यापाड्यांतूनहि सर्रास ऐकूं येतें. हें म्हणणें खोटें नाहीं. पण अपुरें आहे, आणि अपुऱ्या हिशोबानें केवढी हानि होते हें बागाईतदार बंधूंस सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम अंतर पाहूं. सरळ रेषेनें हीं दोन शहरें सुमारें ६८० किलोमीटर दूर आहेत. भुसावळवरून जाणारा लोहमार्ग ८३७ किलोमीटरांचा आहे. ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झालेला समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा असून तो ठाणें जिल्ह्यांत आमणें येथें संपतो. पुढील वाट निराळी मोजावी लागते.

विमान उंचावर ताशीं सुमारें ८०० किलोमीटर वेगानें जातें. तरीहि ६८० किलोमीटरांस दीड तास कां ? जमिनीवरून धांवपट्टीपर्यंत जाणें, वर चढणें, खालीं उतरणें, यांत वेग कमी असतो. शिवाय हिवाळ्यांत वरच्या हवेंत पश्चिमेकडून वारा वाहतो. त्यामुळें मुंबईस जातांना थोडा अधिक आणि परततांना थोडा कमी वेळ लागतो.

आतां घडलेली हकीकत ऐका. काटोल तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका संत्रा-बागाईतदारांचें जमिनीचें प्रकरण मुंबईस सकाळीं ११ वाजतां निघावयाचें होतें. ८ चें विमान साडेनऊस उतरेल, म्हणजे दीड तास हातीं राहील, असा त्यांचा हिशोब. ते घरून पहाटें साडेचारास निघाले व सहाच्या सुमारास विमानतळावर पोहोंचले. तपासणी व नोंदणी यांसाठीं इतकें आधीं जाणें भागच असतें. विमान वेळेवर सुटलें, वेळेवर उतरलें. सामान घेऊन बाहेर पडावयास १० वाजले. पुढें विमानतळापासून दक्षिण मुंबईपर्यंत सकाळची गर्दी ! कचेरीच्या दारीं पोहोंचले तेव्हां साडेअकरा झाले होते. पुकारा होऊन गेला होता व प्रकरण त्यांच्या गैरहजेरींत निकालांत निघालें होतें. तें पुन्हां सुरू करून घेण्यास त्यांस आठ महिने खेटे घालावे लागले.

यांत विमानाचा दोष कोणता ? कांहींच नाहीं. दीड तासांचा प्रवास दारापासून दारापर्यंत सात तासांचा होता, एवढेंच त्यांनीं मोजलें नव्हतें. त्याच कामासाठीं आदल्या संध्याकाळीं नागपुराहून रेल्वेनें निघणारा मनुष्य रात्रभर झोंपून सकाळीं छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो; तेथून फोर्टांतील कचेऱ्या पायीं गांठतां येतात.

आम्हीं महसूल खात्यांत सारी हयात घालविली. शेताचें क्षेत्र काढतांना एक बाजू मोजून भागत नाहीं, चारी बाजूंस सांखळी लावावी लागते. प्रवासाचेंहि तसेंच आहे. घर ते विमानतळ, तेथील खोळंबा, उड्डाण आणि उतरल्यावरचा रस्ता, या चार रकमांची बेरीज करावी व धुक्यासाठीं वा विलंबासाठीं दोन तास जादा धरावे. एकाएकीं आलेल्या आजारपणांत विमानासारखें साधन नाहीं. तेथें दोनचार तासहि मोलाचे असतात. परंतु काम तारखेचें असेल तर साधन कोणतेंहि घ्या, आदल्या दिवशींच मुक्कामास पोहोंचा. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च हुकलेल्या तारखेहून पुष्कळच स्वस्त पडतो.