आखाजीचा झोका, जात्याची ओवी: खान्देशची गाणी कशी टिकतात, कशी हरवतात?

जळगाव-धुळ्यात अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात आणि अहिराणी गाणी सुरू होतात. सासूचा जाच, भावाची ओढ, माहेरची आठवण. एरवी तोंडातून न निघणारं सगळं झोक्यावर मोकळेपणी गायलं जातं.

कोणतं गाणं कधी?

• आखाजी: गौराईची आणि झोक्यावरची गाणी.
• कानबाई: श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला देवीचं रूप देतात, भाऊबंद रोटासाठी जमतात, रात्र गाण्यांनी जागते. सोमवारी विसर्जन.
• गुलाबाई: भाद्रपद पौर्णिमा ते कोजागरी. मुली घरोघरी गाणी म्हणतात, शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा.
• ओवी: पहाटेच्या दळणाची सोबत.

चाल कुठून येते?

बरीचशी कामातून. जात्याच्या फेऱ्यावर ओवीची लय बसते, झोक्याच्या हेलकाव्यावर आखाजीच्या गाण्याची. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी धरायची. त्यामुळे पाठांतरासाठी वही लागत नव्हती.

मग धोका कशाचा?

गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले. ते चांगलंच झालं. पण दळण थांबलं तशी ओवी म्हणण्याची वेळही गेली. २०११ च्या जनगणनेत खान्देशी भाषा नोंदवणारे १८ लाखांहून अधिक होते. म्हणजे बोली आहे, गाण्याचे प्रसंग मात्र कमी होत आहेत.

लिहून ठेवलं तर?

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तकरूपात आली. जे टिपलं गेलं, तेवढंच हाती लागलं. शिवाय कागदावर शब्द राहतात. चाल आणि हेल राहत नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्यातल्या अनेकींचा आवाजही जपला गेला, हे म्हणूनच महत्त्वाचं.

आपण काय करू शकतो?

घरात आजी, काकू किंवा आत्या गात असेल तर तिला विचारून फोनवर रेकॉर्ड करा. सोबत तिचं माहेरचं गाव, सण आणि गाणं कोणाकडून शिकली, तेही तिच्याच आवाजात घ्या. एवढ्यानेच ते गाणं पुढच्या कुणाला तरी पुन्हा म्हणता येईल.