टेबलावरचं पाणी

बँकेत कॅशियरच्या टेबलावर ओल्या स्पंजाची डबी असायची. नोटा मोजताना बोट तिच्यावर टेकवायचं. सारी नोकरी अशा टेबलांच्या सहवासात गेली. पण ती डबी कधी निरखून पाहिली नाही. निवृत्तीनंतर चिनी मातीच्या भांड्यांविषयी वाचू लागलो, तेव्हा ती अचानक आठवली.

जुन्या चीनमधल्या विद्वानाच्या अभ्यासिकेत कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळण्याचा दगड ही चार रत्नं मानली जात. शाई वडीच्या रूपात असे, सहाणेवर चंदन उगाळावं तशी ती दगडावर उगाळायची. म्हणजे टेबलावर पाणी हवंच. मग त्यासाठी इवलंसं जलपात्र, कुंचला धुवायला वाडगं, शिक्क्याच्या लाल रंगासाठी डबी.

सम्राट कांगशीच्या काळात (१६६२ ते १७२२) जिंगदेझेनच्या कारागिरांनी अशा वस्तूंना तांब्याची झिलई दिली. तांबं मोठं लहरी. भट्टीत हवा कोंडली तर लाल, जरा जास्त मिळाली तर हिरवं. त्यातून पिकल्या पीचसारखी गुलाबी कांती आणि तिच्यावर हिरवे ठिपके उमटले.

त्याआधी सहाशे वर्षं, सुंग राजवटीत, हनान प्रांतात राजदरबारासाठी रू भांडी भाजली जात. झिलई निळसर-हिरवी, तिच्यात बारीक तड्यांची जाळी. निवताना झिलई आतल्या मातीपेक्षा अधिक आकसते, म्हणून तडकते. आमच्या खतावणीत अशा गोष्टीला खाडाखोड म्हणाले असते. तिथल्या रसिकांनी तिलाच सौंदर्य मानलं.

आज जगात अशी भांडी शंभरही उरलेली नाहीत. २०१७ साली हाँगकाँगच्या लिलावात त्यांतलं एक १३ सेंटिमीटरचं, कुंचला धुवायचं वाडगं सुमारे २९ कोटी ४३ लाख हाँगकाँग डॉलरला गेलं. घडवणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही.

तारणाचं मूल्य ठरवण्यात माझं आयुष्य गेलं. तरी या आकड्यापुढे गोंधळलो. एवढ्या किमतीच्या वाडग्यात आता कोण कुंचला बुडवणार? किंमत चढत गेली आणि वाडग्याचं काम सुटलं.

माझ्या टेबलावर आईची लोणच्याची छोटी बरणी आहे. काठाची झिलई उडालेली. तीत मी पेनं ठेवतो. फुटेल, कपाटात ठेवा, असं घरातून बजावलं जातं. फुटेलही. पण आईने ती रोज हाताळली होती. मीही हाताळतो.